घुमट दुरुस्तीला काढला होता

माझ्या वडिलांनी मुंबई पाहिली होती. आमच्या चिखलीत त्या काळी एवढं एक वाक्य माणसाला जन्मभर पुरायचं. ते तहसील कचेरीत कारकून होते, पण कारकुनाला गावात कोण विचारतो? मुंबई पाहिलेला कारकून मात्र एकच होता. बाजारात लोक त्यांना थांबवून रामराम घालत आणि सोबतच्या पाहुण्याला हळूच सांगत, "हे मुंबईले जाऊन आलेले."

गावात रेल्वे नव्हती, अजूनही नाही. ती येणार हे मात्र माझ्या आजोबांच्या तरुणपणापासून नक्की होतं. रूळ एका बाजूनं खामगावपर्यंत आले होते, दुसऱ्या बाजूला जालन्यात होते, आणि मधल्या आम्ही लोकांनी दोन्हीकडे तोंड करून वाट पाहायची. गाडीत बसायचं तर एस.टी.नं आधी मलकापूर गाठावं लागे. त्यामुळे रेल्वेच्या विषयात गावातला प्रत्येक जण जाणकार होता, आणि सगळ्यांचं शिक्षण मलकापूरच्या फलाटावर झालेलं होतं.

कोणी मुंबईला निघालं की आदल्या दिवशी आमच्या ओसरीवर येई. एकदा उंद्रीचे एक मोठे शेतकरी आले. मुलाला तिकडं नोकरी लागली होती, त्याला भेटायला निघाले होते. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि बोरीबंदर सांगायला घेतलं.

"गाडीतून उतरले का घाई करू नका. सामोरं पाण्याचा नळ लागते, पितळी तोटीचा. त्याच्यापाशी लाकडी बाक आहे, तिथं टेका. पुढं तिकिटाचा दिवाणखाना. त्याचं छत पाहा. निळं आभाळ अन् त्याच्यात सोनेरी चांदण्या. खांबायच्या डोक्यावर दगडाची पानं, अन् त्या पानात दगडाची पाखरं, माकडं, खारी. पाहता पाहता मान दुखते."

"हाव. अन् मंग?"

"मंग बाहेर पडा. बाहेर पडतानी वर पाहू नका, खिशावर हात ठेवा. खिसेकापू त्याच दारात उभे राह्यतात."

"अन् बाहेर पडल्यावर?"

"पुढचं कोणालेही विचारा. मुंबईचे लोक सांगतात."

वडिलांची मुंबई दर वेळी इथंच संपायची. यात काही कमी आहे असं कोणाला कधी वाटलं नाही. मलाही नाही. परत आलेले लोक येऊन सांगत, "तुमी सांगतलं तसंच होतं, नळ अन् बाक जागच्या जागी." वडील मान हलवत. नळ जाग्यावर राहिला यात जणू त्यांचाच हात होता.

आमची राजधानी आधी नागपूर होती. मग मोठ्या लोकांची बोलणी झाली आणि मुंबई आमची राजधानी झाली. पुढं महाराष्ट्र झाला तेव्हा ती कायमची झाली. गावाला राजधानीबद्दल अभिमान वाटायला हवा होता, पण वाटायला ती कशी दिसते ते माहीत हवं. त्या वर्षी गणपती मंडळानं ठरवलं की देखावा राजधानीचा करायचा. सबंध मुंबई मांडवात मावणार नव्हती, म्हणून बोरीबंदर स्टेशन करायचं ठरलं. मुंबईला जाऊन आलेले इतरही होते, पण ते सांगायचा मान गावात एकाच माणसाचा होता.

मंडळाचे अध्यक्ष सायकलच्या दुकानाचे मालक होते. ते सुताराला घेऊन घरी आले तेव्हा वडील कचेरीतून नुकतेच आले होते. हातपाय न धुताच त्यांनी बोलायला सुरुवात केली. त्यानंतर पंधरवडाभर ते कचेरीतून थेट मांडवात जात. बांबू, गोणपाट, खळ आणि रद्दी कागद यांतून ते स्टेशन उभं राहायला लागलं. छताला निळा कागद आणि त्यावर बेगडाच्या चांदण्या. खांबांवर मातीची पानं, पानांत खारी. एक खार मोडून तिचं तोंड वडिलांनी तीनदा फिरवलं, कारण ती नळाकडे बघत नव्हती. सुतार म्हणाला, "साहेब, खार कुठं पाह्यते ते कोण पाह्यते?" वडील म्हणाले, "मी पाह्यतो ना."

भांडण पहिलं झालं ते रुळांवरून. वडील म्हणाले, बोरीबंदरात रूळ संपतात. गाडी येते, भिंतीशी थांबते, बस.

"रूळ संपते म्हंजे?" अध्यक्षांना हे अजिबात पटेना. "मलकापूरले इकून येते अन् तिकून जाते. संपले तं गाडी परत कशी जाईन? तोंड फिरवाले जागा तं पायजे."

"दुसरं इंजिन लागते मांगून."

"अन् पहिलं इंजिन तसंच भिंतीले टेकून राह्यते काय बे?"

"बे" त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं आणि त्यांनी लगेच जीभ चावली. पण सुतार, गवंडी, वर्गणी देणारे दुकानदार, सगळे त्यांच्याच बाजूचे होते. जो रस्ता स्वतःच्या गावापर्यंत आलाच नाही तो दुसरीकडे कुठं संपत असेल हे मान्य करायला कोणी तयार होईना. शेवटी डब्यांची गाडी सायकलच्या चाकावर दोरीनं ओढायची, ती मागून आत येईल आणि पुढच्या मोठ्या दारातून रस्त्यावर निघून जाईल, असं ठरलं. वडिलांनी पुढचे दोन दिवस रुळांच्या बाजूला पाठ करूनच काम केलं.

दुसरं भांडण दर्शनी भागाचं. अध्यक्षांनी विचारलं, "पुढून कसं दिसते?" वडिलांनी हाताला लागलेली खळ पुसली. मग म्हणाले, "सरळ आहे. मोठं दार, वर घड्याळ." एवढ्यात कापड दुकानदारानं एक जुनं कॅलेंडर आणून दाखवलं. त्यावर तळहाताएवढं चित्र होतं, खाली बोरीबंदर असं छापलेलं होतं, आणि त्या चित्रात इमारतीच्या मधोमध एक भला मोठा घुमट होता.

वडिलांनी ते चित्र दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "हे बोरीबंदर नोहे," ते म्हणाले.

"खाली लिहून आहे ना."

"छापणाऱ्याले काय समजते? चित्र कुठचं, नाव कुठचं. देवळाले कळस राह्यते, मशिदीले घुमट राह्यते. स्टेशनाले घुमट काऊन पायजे? पाणी भराचं आहे काय त्याच्यात?"

उंद्रीचे शेतकरी योगायोगानं तिथं होते. ते भीतभीत म्हणाले, "वर काहीतरी गोल होतं बा. मले तसं वाटलं."

वडील त्यांच्याकडे वळले. "तुमी वर पाह्यलं काऊन? म्या नाही म्हणलं होतं ना?"

त्यांनी मान खाली घातली. घुमट रद्द झाला. जिथं वडील खरे होते तिथं त्यांचं कोणी ऐकलं नाही, आणि जिथं ते चुकत होते तिथं छापील चित्र बाजूला ठेवून त्यांचं ऐकलं. स्टेशनाचा दर्शनी भाग तयार झाला तो थोडा मलकापूरसारखा आणि बराचसा आमच्या तहसील कचेरीसारखा. गाव खूश होतं. राजधानी इतकी ओळखीची निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

याच गडबडीत माझं स्थळ आलं. मुलगा मुंबईचा, त्याचे वडील सचिवालयात नोकरीला. मी मॅट्रिक झालेली होते, आणि बोरीबंदराच्या छताखालीच लहानाची मोठी झालेली होते म्हटलं तरी चालेल. मला मुंबईला जायचं होतं, अगदी मनापासून. पितृपक्ष लागायच्या आत मुलगी पाहून घेऊ असा निरोप आला, म्हणजे पाहुणे ऐन गणपतीत येणार. वडिलांचा चेहरा ते ऐकून पडला. मला वाटलं, मी दूर जाणार म्हणून पडला. मला बरं वाटलं.

पाहुण्यांना घ्यायला वडील स्वतः एस.टी. स्टँडवर गेले. आमच्याकडे ही रीत कडक आहे. पहिल्यांदा येणारा माणूस पत्ता विचारत दारात उभा राहिला तर घरच्यांची मान खाली जाते, आणि येणाराही घ्यायला कोणी आल्याशिवाय जागचा हलत नाही. मुलगा आणि त्याचे वडील असे दोघंच होते. पोहे झाले, चहा झाला. मुलानं मला काय विचारलं ते आठवत नाही, बहुतेक त्यालाही आठवत नसेल. त्याचे वडील उंच, सावळे, हळू बोलणारे होते. सगळं ठीक चाललं होतं, इतक्यात अध्यक्ष मंडळाच्या लोकांना घेऊन आले. राजधानीतला पाहुणा गावात आलाय म्हटल्यावर राजधानी त्याच्याकडून तपासून घेणं भागच होतं.

आई मला दारातच म्हणाली, "तूही जाय माय, मले एक एक गोष्ट येऊन सांग." ती इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. वडील पुढं चालत होते आणि उगाच मोठ्यानं बोलत होते. माझं लग्न आणि वडिलांची मुंबई, दोन्ही त्या मांडवात टांगलेली होती. मला तेव्हा फक्त पहिल्याची काळजी होती.

गॅसबत्त्या लावलेल्या होत्या. पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, आधी मागून आत गेले, गाडीच्या रस्त्यानं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. नंतर म्हणाले, "अहो, छत! आणि ही खार नळाकडेच बघते, खरंच. मी रोज जातो, मला हे आज कळलं." वडिलांचा श्वास सुटलेला मी ऐकला. मग पाहुणे पुढच्या बाजूला आले आणि वर बघत उभे राहिले.

"घुमट कुठाय?" ते सहज म्हणाले.

कापड दुकानदारानं खाकरून घसा साफ केला. त्याच्या काखेत ते कॅलेंडर होतं, बहुतेक मुद्दाम आणलेलं. सगळं गाव माझ्या वडिलांकडे बघत होतं. वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. मला त्या क्षणी लग्न नको, मुंबई नको, पण कोणीतरी काहीतरी बोला असं झालं.

पाहुण्यांनी एकदा वडिलांकडे पाहिलं. मग एकदा मांडवाच्या आत, त्या नळाकडे आणि बाकाकडे पाहिलं. आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "मी पण काय विचारतोय! घुमट दुरुस्तीला काढलाय. किती वर्षं झाली, काम चालूच आहे. तुम्ही गेलात तेव्हाही उतरवलेलाच असणार."

"हाव," वडील म्हणाले. "उतरवलेलाच होता."

इतक्यात डब्यांची गाडी दारातून निघून धडधडत रस्त्यावर आली. पाहुणे ती पाहून गंभीरपणे म्हणाले, "ही सोय मात्र छान आहे. वर कळवायला हवी."

गावाला या खुलाशात काहीच विशेष वाटलं नाही. उलट सगळ्यांची खात्री पटली. पुढं कितीतरी वर्षं सरकारचं एखादं काम रखडलं, रस्ता झाला नाही, रेल्वे आली नाही, की बाजारात कोणीतरी म्हणे, "इथं राजधानीचा घुमट बसून नाही राह्यला, तुमच्या पुलाचं काय घेऊन बसले?"

लग्न झालं. मी सासरच्या माणसांसोबत बोरीबंदरला उतरले. नळ होता. बाक होता. चांदण्या होत्या, दगडी पानं होती. मी इतक्या ओळखीनं चालत होते की नवरा माझ्याकडे बघायला लागला. मग आम्ही बाहेर पडलो आणि मी मागं वळून वर पाहिलं, कारण मला कोणी बघू नको म्हणून सांगितलं नव्हतं.

घुमट होता. दगडी, फासळ्याफासळ्यांचा, काळा पडलेला. तो आजकालात बसवलेला नाही हे माझ्यासारख्या चिखलीच्या मुलीलाही कळत होतं. त्याच्या टोकावर एक दगडी बाई मशाल धरून उभी होती. मी मामंजींकडे पाहिलं.

"दुरुस्ती आटपली वाटतं," ते म्हणाले, आणि ट्रंकांकडे वळले.

मामंजींनी नंतर एका रविवारी मला ती इमारत नीट दाखवली. ते हौशी होते. म्हणाले, आधी इथं साध्या शेडी होत्या, पहिली गाडी तिथूनच सुटली. मग इंग्रजांनी दहा वर्षं खपून हे उभं केलं आणि आपल्या राणीचं नाव दिलं. राणीचा पुतळाही होता, तो आता काढलाय. घड्याळाखालचा तो रिकामा कोनाडा तिचाच. फाटकाच्या एका खांबावर सिंह, तो त्यांचा. दुसऱ्यावर वाघ, तो आपला. खारी-माकडं कोरली ती इथल्याच चित्रशाळेच्या मुलांनी. आणि हे सगळं कशाच्या जोरावर, तर तुमच्या वऱ्हाडाच्या कापसाच्या. गाठी गाडीनं इथं यायच्या आणि बंदरातून विलायतेला जायच्या. मी मनात म्हटलं, म्हणजे आमच्याकडचा कापूस या स्टेशनातून बाहेर पडला.

मामंजी म्हणाले, "तुझ्या वडिलांनी केलेलं आतलं सगळं बरोबर होतं. बाहेरचं एकही नाही. मला वाटतं, ते बाहेर पडलेच नसावेत. त्यांना विचारू नकोस."

मी त्यांना विचारलं नाही. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला विचारलं. ती करंज्या तळत होती. झारा खाली न ठेवता म्हणाली, "मले तं लग्नाच्या सालीच सांगतलं होतं त्याइनं." वडिलांच्या आतेभावानं मुंबईत नोकरी लावून देतो म्हणून बोलावलं होतं. घ्याले येतो, स्टेशनातच थांबजो, असा निरोप होता. वडील थांबले. आतेभाऊ आलाच नाही. वडील नळाचं पाणी पीत, सोबतच्या दशम्या पुरवत त्या बाकावर बसून राहिले, आणि दशम्या संपल्यावर परतीच्या गाडीत चढले. "बाहेर पडून विचाराचं ना कोणाले," मी म्हटलं. आई म्हणाली, "घ्याले कोणी आलं नाही, मंग कसे जातीन?" तिला यात न समजण्यासारखं काही दिसत नव्हतं.

मी तिथंच स्वयंपाकघरात रडले. सगळ्या गावाला मुंबईची वाट सांगणारा माणूस, आणि त्याला दारापासून पुढं नेणारं कोणी मिळालं नाही. मला त्या न पाहिलेल्या काकाचा इतका राग आला की आजही तो पुरता गेलेला नाही.

त्यानंतर दर वर्षी मी वडिलांना मुंबईला बोलवत राहिले, आणि दर वर्षी ते टाळत राहिले. कधी कचेरीत तपासणी, कधी जानेफळला कोणाचं तरी लग्न, कधी गुडघा. गुडघ्याचं कारण तर ते उभ्या उभ्या सांगत. मला कळत होतं. इथं आले असते तर वर बघावं लागलं असतं, आणि मग मामंजींनी त्या संध्याकाळी झाकलेलं उघडं पडलं असतं. जेवणाच्या पंगतीत मान राहिला नाही अशा कारणावरून लोक लेकीच्या घरी जायचं सोडतात. माझे वडील एका घुमटावरून माझ्या घरी येत नव्हते.

निवृत्त झाल्यावर त्यांचा निरोप आला. आमच्याच गावचा एक माणूस मुंबईला आला होता, त्याच्या तोंडी. येतो म्हणाले. फक्त एकच विचारलंय त्याइनं, तो माणूस म्हणाला, "घ्याले कोण येते?"

मी आणि मामंजी दोघंही गेलो. मी इतकी आधी जाऊन उभी राहिले की मामंजी हसले, पण सोबत उभे राहिले. तरी गर्दीत आमची चुकामूक झाली. गाडी रिकामी झाली आणि वडील दिसेनात. मग एकदम सुचलं, आणि मी नळाकडे धावले.

ते बाकावर बसले होते. पिशवी मांडीवर, टोपी नीट, दोन्ही पाय जवळ घेतलेले. मला पाहून उठले नाहीत, आधी डोळे पुसले. मग म्हणाले, "आली का बाई? म्या म्हणलं, येईनच."

आम्ही त्यांना घेऊन बाहेर आलो. मी त्यांचा हात धरला होता, तो ओला होता. फाटकातून पार पलीकडे, वाघाच्या खांबापाशी गेल्यावर ते थांबले. सावकाश वळले आणि त्यांनी वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. खिशावर हात ठेवायचं त्यांना सुचलंच नाही.

"बसवला वाटते परत," ते म्हणाले.

"हो," मामंजी म्हणाले. "झालं एकदाचं काम."

"चांगला बसवला." वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. "वर बाई उभी आहे. ते तं कोणी सांगतलंच नोतं."

समोर रस्ता होता, मोटारी होत्या, दुमजली बसगाड्या होत्या, सगळी मुंबई होती. वडिलांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

"इथपर्यंतचं मले माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "आता पुढचं कोणाले विचारू?"

मामंजी दोन पावलांवर उभे होते, आणि सासरी मी कधी गावची बोली बोलत नसे.

"मले विचारा, बाबा," मी म्हटलं.